कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, आता ती कबुली रद्द होऊ शकते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा २४ वर्षांचा धाकटा भाऊ कासारवडवलीहून मोटरसायकलवर येत होता. मानपाड्याच्या सिग्नलजवळ एका वयस्कर गृहस्थांना त्याचा धक्का लागला, त्यांना टाके पडले. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५(ए) (बेदरकार कृत्याने दुखापत), शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक रीतीने गाडी चालवणं) लावून दोषारोपपत्र दाखल केलं. पहिल्याच तारखेला ठाणे कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगितलं, ‘कबूल कर, दंड भर, विषय संपला’. वकील नव्हता. त्याने ‘कबूल’ म्हटलं, तीन हजार दंड भरला आणि घरी आला. आता पाच महिन्यांनी सरकारी कंपनीत निवड झाली आहे, पडताळणीचा फॉर्म समोर आहे आणि गेल्या आठवड्यात अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीसही आली. तुम्ही विचारता, ही कबुली वैध आहे का आणि ती मागे घेता येईल का. सोबत त्याच्या मित्राचंही विचारलंय. त्याचा पाम बीच रोडवरचा असाच खटला बेलापूर कोर्टात आहे आणि पुढच्या महिन्यात तारीख आहे.

मी ठाणे आणि बेलापूर कोर्टात फौजदारी बाजूची वकिली करते. कागद न बघता या प्रश्नाला छातीठोक ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारं कुणी भेटलं तर त्याच्या हाती प्रकरण देऊ नका. पण विचार कसा करायचा आणि आज काय हालचाल करायची, हे मी नक्की सांगू शकते.

आधी एक गोंधळ दूर करू. तुम्ही लिहिलंय की ‘पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही असं वाचलं’. ते खरं आहे, पण तुमच्या भावाला त्याचा उपयोग नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. आधी पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. दुसरा प्रकार तपास चालू असताना मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेल्या कबुलीजबाबाचा. त्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि तो फक्त एक पुरावा असतो, खटला पुढे चालतोच. भावाचं प्रकरण तिसऱ्या प्रकारचं आहे. कोर्टाने आरोप सांगितला, विचारलं आणि त्याने ‘कबूल’ म्हटलं. यात पुरावा घेण्याचा टप्पाच येत नाही. साक्षीदार नाहीत, उलटतपास नाही, थेट दोषी ठरवून शिक्षा. म्हणून ही कबुली सगळ्यांत जड असते आणि आपल्याकडे ती सगळ्यांत घाईत दिली जाते, हे मला रोज टोचतं.

तर खरा प्रश्न असा आहे: भावाच्या तोंडून ‘हो’ निघालं तेव्हा त्याला नेमकं काय सांगितलं गेलं होतं, त्याने नेमकं काय मान्य केलं आणि कोर्टाच्या कागदावर काय उतरलं?

त्याच्यावरची कलमं समन्स केस, म्हणजे कमी शिक्षेच्या साध्या खटल्याच्या, प्रकारात मोडतात. अशा खटल्यात पोलिसांचं दोषारोपपत्र आलं तरी कोर्ट स्वतः रीतसर दोषारोप ठेवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेट आरोपाचा सारांश सांगतात आणि कबूल आहे का, बचाव करायचा आहे का, असं विचारतात. आरोपीने कबूल केलं तर कलम २७५ प्रमाणे ती कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवायची आणि मग मॅजिस्ट्रेट आपल्या विवेकाने त्याला दोषी ठरवू शकतात. ‘त्याच्याच शब्दांत’ आणि ‘ठरवू शकतात’, या दोन गोष्टींवर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे.

पहिली घ्या. आरोपीचे शब्द नोंदवण्याची अट ही नुसती औपचारिकता नाही, ती पाळली नाही तर शिक्षा टिकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य (एआयआर १९६६ सुप्रीम कोर्ट २२) या निकालात सांगितलं आहे. तेव्हा जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता होती, कलम २४३ होतं. १९७३ च्या संहितेत ते २५२ झालं, आता २७५ आहे. तत्त्व तेच राहिलं. कारण साधं आहे. अशा खटल्यात आरोपीविरुद्ध दुसरा पुरावाच नोंदलेला नसतो. त्याचे शब्द हाच सगळा पुरावा. तेच नीट नोंदले नसतील तर वरचं कोर्ट तपासणार काय?

प्रत्यक्षात काय होतं बघा. बऱ्याच ठिकाणी छापील किंवा आधीच टाइप केलेला नमुना असतो. प्रश्न १: तुमच्यावरील आरोप वाचून दाखवला, तो समजला का? उत्तर: होय. प्रश्न २: गुन्हा कबूल आहे का? उत्तर: होय, कबूल आहे. प्रश्न ३: शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का? उत्तर: दया दाखवावी. खाली सही किंवा अंगठा. नुसता छापील नमुना वापरला म्हणून कबुली आपोआप रद्द होत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याच एका मुद्द्यावर विसंबाल. पण अपघाताच्या खटल्यात ‘कबूल’ एवढ्याने भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. कलम २८१ चा गुन्हा ‘गाडी लागली’ एवढ्याने होत नाही. गाडी सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवली आणि त्यातून माणसाच्या जीवाला धोका झाला किंवा दुखापतीची शक्यता निर्माण झाली, असं असावं लागतं. अपघात झाला हे मान्य करणं आणि तो माझ्या बेदरकारपणामुळे झाला हे मान्य करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ स्वभावाचा माणूस पहिली गोष्ट मान्य करायला कोर्टात जातो आणि दुसरी मान्य करून परत येतो.

बेलापूर कोर्टात मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. माझी केस नव्हती, मी माझ्या नंबराची वाट पाहत बसले होते. एक टेम्पोचालक उभा होता. आरोप सांगितला, विचारलं, कबूल आहे का? ‘हां साहब, कबूल है.’ कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. मॅजिस्ट्रेट बाईंनी मात्र पेन खाली ठेवून हिंदीतच विचारलं, ‘क्या कबूल है? क्या हुआ था बताओ.’ तो म्हणाला, ‘मेरी गाडी लगी साहब. ब्रेक मारा था, पर रोड पे ऑइल गिरा था, गाडी फिसल गई.’ बाईंनी लगेच ‘गुन्हा नाकबूल’ अशी नोंद केली, वकील आहे का विचारलं आणि विधी सेवेकडून मोफत वकील देण्याची व्यवस्था करायला सांगितलं. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. तेवढ्या एका प्रश्नाने चित्र उलटलं. रस्त्यावर तेल सांडलेलं असताना ब्रेक मारूनही गाडी घसरली, हा तर बचाव होता. तो माणूस स्वतःच्या बचावालाच कबुली समजत होता.

म्हणून आज भावाला समोर बसवा आणि विचारा: तुला आरोप कोणत्या भाषेत सांगितला? ‘बेदरकारपणे, निष्काळजीपणे’ हे शब्द तू ऐकलेस का? सिग्नल कुणाला हिरवा होता? ते गृहस्थ झेब्रा क्रॉसिंगवर होते की मधूनच आले? हे तू कोर्टाला सांगितलंस का, आणि सांगितलं असेल तर लिहून घेतलं का? त्याची उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. आणखी सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाच नीट आठवणार नाही.

आता दुसरा शब्द, ‘ठरवू शकतात’. कबूल केलं म्हणून दोषी ठरवलंच पाहिजे, असं कोर्टावर बंधन नाही. गुन्हा जितका गंभीर, तितकं कोर्ट कबुलीवर विसंबायला कचरतं. खुनासारख्या खटल्यात कबुली आली तरी पुरावा घेऊनच निकाल द्यायचा, ही आपल्या हायकोर्टाची फार जुनी रीत आहे. सगळ्यांना आठवणारं उदाहरण कसाबचं. २० जुलै २००९ रोजी खटला चालू असताना त्याने विशेष न्यायालयात गुन्हा कबूल केला. कोर्टाने ते नोंदीवर घेतलं, पण तेवढ्यावर निकाल दिला नाही. खटला पूर्ण चालवला आणि मे २०१० मध्ये त्याला दोषी ठरवलं. जिथे देशभर संताप होता, तिथेही कोर्टाने नुसत्या कबुलीवर काम भागवलं नाही. मग मानपाड्याच्या सिग्नलवरच्या पोराच्या बाबतीत ‘काय झालं होतं?’ एवढा एक प्रश्न विचारला जावा, ही अपेक्षा जास्त नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. कबुलीवर ‘आरोप मराठीत समजावून सांगितला’ अशी स्पष्ट नोंद असेल, शिकलेल्या मुलाची सही असेल आणि शब्दही सविस्तर असतील, उदाहरणार्थ ‘मी वेगात होतो, सिग्नल तोडला’, तर ती पाडणं अवघड आहे. फक्त ‘होय’ असेल, कोणत्या कलमाला होय ते कळत नसेल, आरोपाच्या सारांशात बेदरकारपणा कशात होता याचा पत्ताच नसेल, तर चांगला मुद्दा हाती येतो. वकील नव्हता, एवढ्याने छोट्या खटल्यातली कबुली सहसा पडत नाही. पण वकील नव्हता आणि वकील हवा का असं विचारल्याचीही नोंद नाही, हे बाकी मुद्द्यांना बळ देतं. कुणी धमकावलं किंवा आमिष दाखवलं असेल तर तो वेगळा आणि गंभीर मुद्दा आहे, पण तो शपथपत्रावर मांडावा लागतो आणि नावनिशीवार सांगावा लागतो. आवारातल्या अनोळखी माणसाचा सल्ला ऐकला, याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत. घटनेच्या दिवशी तो १८ वर्षांखालचा असता तर सगळंच बदललं असतं. तो २४ चा आहे, म्हणून ते सोडून देते.

म्हणजे पहिलं काम कागद मिळवणं. नक्कल विभागात अर्ज करा आणि चार गोष्टींच्या प्रमाणित प्रती मागा: आरोपाचा सारांश व त्याखालची कबुली, त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची नोंद), निकालाचा आदेश आणि दोषारोपपत्र (त्यात घटनास्थळाचा पंचनामा आणि जखमींचं वैद्यकीय प्रमाणपत्र बघायला विसरू नका). केस नंबर दंडाच्या पावतीवर असतो, नसला तर ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर नावाने सापडतो. हे कागद हातात येईपर्यंत कुणाही वकिलाचं मत, माझंसुद्धा, अंदाजच समजा.

आता मार्ग. ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच ‘कबुली मागे घेतो’ असा अर्ज चालत नाही. निकालापूर्वी कोर्ट तशी मुभा देऊ शकलं असतं. आदेशावर सही झाली की लेखनातली चूक दुरुस्त करण्यापलीकडे त्या कोर्टाला तो बदलता येत नाही (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०३). वर जावं लागतं. तिथे कलम ४१६ आडवं येतं: कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील. कबुली ही कायद्याच्या दृष्टीने कबुलीच नव्हती, असं म्हणणं असेल तर ही आडकाठी लागू होत नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो मान्यही झालेला आहे. तरी मी स्वतः अशा वेळी ठाण्याच्या सत्र न्यायालयात कलम ४३८ खाली पुनरीक्षण अर्ज, म्हणजे रिव्हिजन, दाखल करणं पसंत करते. कारण तिथे मुद्दा सरळ मांडता येतो की खालच्या कोर्टाने कार्यपद्धती पाळली नाही. रिव्हिजनची मुदत ९० दिवस. तुमचे पाच महिने झालेत, त्यामुळे सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल आणि उशिराचं खरं कारण द्यावं लागेल. ‘दंड भरला म्हणजे दोषी ठरलो, हे पडताळणीचा फॉर्म येईपर्यंत कळलंच नाही’ हे कारण खरं असेल तर तसंच लिहा. आजारपणाची खोटी प्रमाणपत्रं जोडू नका, त्याने चांगली केस वाया जाते.

आणि रिव्हिजन मंजूर झाली तर काय मिळेल? निर्दोष सुटका नाही. कबुली आणि शिक्षा रद्द होऊन खटला परत मॅजिस्ट्रेटकडे येईल आणि आरोप सांगण्याच्या टप्प्यापासून पुन्हा चालेल. साक्षीदार येतील, तारखा पडतील, वर्ष-दोन वर्षं सहज जातील. शेवटी सुटका होईल याची खात्री नाही, आणि दोषी ठरला तर शिक्षा पहिल्यापेक्षा कमीच असेल याचीही नाही. शिवाय मधल्या काळात तो ‘खटला प्रलंबित’ असलेला उमेदवार होईल. पडताळणीत कधीकधी प्रलंबित खटला हा तीन हजार दंडाच्या निकाली खटल्यापेक्षा जास्त अडचणीचा ठरतो. पासपोर्टच्या कायद्यात तर हे स्पष्टच दिसतं: शिक्षेवरून पासपोर्ट नाकारायचा तर नैतिक अधःपतनाचा (अप्रामाणिकपणा किंवा नीचपणा दाखवणारा) गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद, दोन्ही लागतात, पण खटला प्रलंबित असेल तर छोट्या गुन्ह्यातही कोर्टाची परवानगी आणावी लागते. तेव्हा कबुली रद्द होऊ शकते का, याच्याइतकाच ती रद्द करून घेणं भावाच्या हिताचं आहे का, हाही प्रश्न विचारा.

म्हणून दुसरा रस्ता सांगते, जो फार कमी लोक वापरतात. कबुलीला हात न लावता फक्त शिक्षेविरुद्ध अपील करायचं आणि १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा, म्हणजे प्रोबेशनचा, लाभ मागायचा. कलम ३ प्रमाणे, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर कोर्ट दंडाऐवजी नुसती समज देऊन सोडू शकतं. भावाची तिन्ही कलमं या मर्यादेत बसतात. हा आदेश अपिलातलं कोर्टही देऊ शकतं (कलम ११). आणि कलम १२ म्हणतं की असा लाभ मिळाला तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. यात दोषसिद्धीची नोंद पुसली जात नाही, हे लक्षात ठेवा. फॉर्मवर ती लिहावीच लागते. पण मालकासमोर ठेवायला ‘कोर्टाने समज देऊन सोडलं’ हा आदेश ‘दंड भरला’ यापेक्षा कितीतरी बरा. अपिलाची मुदत ३० दिवस, म्हणजे इथेही विलंब माफी लागेल. आणि अपघातात मृत्यू झालेल्या खटल्यांत कोर्टं प्रोबेशनला फारशी तयार नसतात. टाके पडण्याइतक्या दुखापतीत परिस्थिती वेगळी आहे.

नोकरीच्या फॉर्मबद्दल मात्र माझं उत्तर एकच आहे आणि त्यात परिस्थितीचा प्रश्न नाही. खरं लिहा. ‘गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात केस नंबर, कलमं, दंड, तारीख सगळं लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हा विषय सविस्तर मांडला आहे. खरी माहिती दिली तरी मालकाला पूर्वेतिहास बघायचा अधिकार राहतो, पण गुन्ह्याचं स्वरूप आणि नोकरीचं स्वरूप पाहून निर्णय घेणं अपेक्षित आहे. रस्त्यावरच्या किरकोळ अपघाताला सर्वसाधारणपणे नैतिक अधःपतन मानत नाहीत. लपवलं आणि नंतर पोलीस पडताळणीत सापडलं, तर मात्र अपघात बाजूला राहतो आणि खोटं बोलला म्हणून नोकरी जाते. असं झालेली माणसं माझ्या ऑफिसात येऊन बसतात, आणि मूळ केस बहुतेक वेळा क्षुल्लक असते.

तुमच्या प्रश्नात तुम्ही शेवटच्या ओळीत उल्लेखलेली न्यायाधिकरणाची नोटीस मला सगळ्यांत तातडीची वाटते. जखमी गृहस्थांनी नुकसानभरपाई मागितली आहे. तिथे भावाची फौजदारी कोर्टातली कबुली त्याच्याविरुद्ध दाखवली जाईल: ‘निष्काळजीपणा यानेच मान्य केला आहे.’ ती शेवटची नसते. कोणत्या परिस्थितीत दिली याचा खुलासा करता येतो, चूक दोघांची होती हेही सिद्ध करता येतं. पण खुलासा करायला हजर राहावं लागतं. गाडीचा विमा त्या दिवशी चालू होता का? भावाचं लायसन वैध होतं का? दोन्ही असेल तर आजच विमा कंपनीला नोटिशीची प्रत देऊन पोच घ्या. मग भरपाईचा भार सहसा कंपनीवर जातो. विमा संपलेला असेल तर रक्कम घरातून जाईल, आणि मग कबुली रद्द करून घेण्याचं महत्त्व एकदम वाढतं. पाहिलंत, दंडाच्या पावतीवर विषय संपला नव्हता. आवारात सल्ला देणाऱ्याने हे सांगितलं नसणार.

आता मित्राचं. त्याच्या हातात अजून सगळं आहे. पहिल्या तारखेला लगेच कबूल-नाकबूल सांगितलंच पाहिजे, असं नाही. ‘मला वकील करायचा आहे, वेळ मिळावी’ एवढं म्हटलं तरी कोर्ट साधारणपणे तारीख देतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. मी माझ्या अशिलांना कबूल करा असं कधीच सांगत नाही, असंही नाही. चूक खरोखर झाली असेल, दुखापत थोडी असेल, दाव्याची भीती नसेल, विमा चालू असेल आणि माणसाला दोषसिद्धी म्हणजे काय ते समजलं असेल, तर कबूल करून प्रोबेशन मागणं हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे. वर्षानुवर्षं तारखांना रोजंदारी बुडवण्यात काही पुरुषार्थ नाही. पण तो गाडी चालवून पोट भरत असेल तर थांबा. दोषी ठरवताना कोर्ट लायसनवरही बंदी घालू शकतं. जखमी व्यक्ती तयार असेल तर १२५(ए) मध्ये तडजोड होऊ शकते आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. २८१ मध्ये मात्र मॅजिस्ट्रेटपुढे तडजोड चालत नाही, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं.

‘फक्त दंडच होईल’ अशी हमी कुणी दिली तर त्यावर विसंबून कबूल करू नये. कोर्टाबाहेर ठरलेली शिक्षा कोर्टावर बंधनकारक नसते. थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३ १ एससीसी १९४) या प्रकरणात सौम्य शिक्षेच्या भरवशावर कबुली दिली गेली आणि वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली. सुप्रीम कोर्टाने हे घटनेच्या कलम २१ च्या (जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या) विरुद्ध ठरवलं, कारण आश्वासन नसतं तर त्या माणसाने आपला बचाव केला असता. शिक्षेबद्दल बोलणी करायचीच तर त्याला कायद्यात रीतसर जागा आहे, प्ली बार्गेनिंग. ते २००६ पासून आपल्याकडे आहे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांना लागू होतं (महिला आणि मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून). त्यात न्यायाधीश आरोपीला बंद खोलीत एकट्याला विचारतात की हे तू स्वतःहून करतो आहेस ना. हाच प्रश्न साध्या कबुलीच्या वेळीही त्याच काळजीने विचारला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी तो असेल. छोट्या चोरीच्या आरोपात तुरुंगात असलेली, जामीनदार न मिळालेली मुलं ‘कबूल केलं की आज सुटतो’ म्हणून कबूल करतात. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, मुलगा संध्याकाळी घरी येतो, आई देवाला नारळ फोडते. पण चोरीची दोषसिद्धी जन्मभर त्याच्या नावावर राहते, आणि चोरी हा नैतिक अधःपतनाचाच गुन्हा मानला जातो. त्याआधी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल आणि त्याच्यावर दुसरा खटला नसेल, तर बंधपत्रावर त्याची सुटका व्हायला हवी (जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही). तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवरही टाकलेली आहे. सुटण्यासाठी न केलेला गुन्हा पत्करायची गरज पडू नये.

तुमच्याकडे परत येते. या आठवड्यात क्रमाने इतकं करा: विमा कंपनीला नोटीस, नक्कल विभागात अर्ज, भावाचं म्हणणं लिहून काढणं, आणि पडताळणीच्या फॉर्मवर खरी माहिती. फॉर्मची मुदत जवळ असेल तर प्रमाणित प्रतींची वाट बघू नका. ईकोर्ट्सवरच्या आदेशाची छापील प्रत जोडा आणि ‘प्रमाणित प्रत मिळताच सादर करतो’ असं लिहा. कागद मिळाले की रिव्हिजन की प्रोबेशनसाठी अपील, हे ठरवता येईल. आरोपाचा सारांश आणि त्याखाली नोंदलेलं उत्तर, ही दोन पानं नावं झाकून इथे टाकलीत तर मी वाचून माझं मत देईन. मित्राला मात्र तारखेच्या आधीच वकिलाकडे पाठवा, दोषारोपपत्राची पूर्ण प्रत घेऊन. बेलापूर कोर्टात मोफत वकिलासाठी जायचं असेल तर उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड सोबत न्यायला सांगा.